जुना ड्राइव्ह पुसू नका

या महिन्याच्या टपालात एकाच तक्रारीची इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. तक्रार अशी: लॅपटॉप स्लो झालाय, नवा ड्राइव्ह टाकू की फॉरमॅट मारू? गेली सतरा वर्षं मी लॅपटॉप उघडते आहे. या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे आणि ते एका चुकीतून तयार झालंय. ती चूकही खाली सांगितली आहे.

प्रश्न: ताई, माझा लॅपटॉप नऊ वर्षांचा आहे. ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबल्यापासून काम करण्याजोगा व्हायला सहा-सात मिनिटं जातात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्यात सतत १०० टक्के दिसतं. भाचा म्हणतो, फॉरमॅट मार. दुरुस्ती करणारे म्हणतात, एसएसडी टाका. आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि निकालपत्रकं त्यात आहेत, त्यामुळे कशालाच हात लावायची हिंमत होत नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर: तुमची भीती रास्त आहे, म्हणून आधी तिचंच उत्तर देते. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर साठवणारा ड्राइव्ह घ्या, तिच्यावर विंडोज (किंवा शेवटी सांगते ते लिनक्स) कोरं बसवा आणि जुनी हार्ड डिस्क आहे तशी काढून कपाटात ठेवा. तिच्यावरचं एक अक्षरही पुसायचं नाही. भाच्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे. पण तो जुन्याच डिस्कवर अमलात आणला, तर तुमचे कागद आणि तुमच्यामध्ये परतीची वाट उरत नाही.

आता एसएसडीच का, ते सांगते. हार्ड डिस्कच्या पोटात फिरणाऱ्या तबकड्या असतात आणि त्यांच्यावरून सरकणारा बारीक दांडा असतो. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि साठवण होती ५० लाख अक्षरांची. तुमच्या लॅपटॉपमधली डिस्क तळहातावर मावते आणि तिच्यात सुमारे दोन लाख पटीने जास्त मावतं, पण कामाची रीत तीच राहिली आहे. तबकडी फिरणार, दांडा सरकणार, मग अक्षर वाचलं जाणार.

हिशेब करून पाहा. लॅपटॉपमधल्या बहुतेक हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा दांड्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावं लागतं. त्याआधी दांड्याला योग्य वर्तुळापर्यंत सरकायला बारा-एक मिलिसेकंद लागतात. एकूण सतरा-अठरा. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे सेकंदाला साठसुद्धा वाचून होत नाहीत. विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान तुकड्यांची मागणी एकदम होते. म्हणूनच टास्क मॅनेजर १०० टक्के दाखवतो, पण शेजारी प्रत्यक्ष वेग पाहिलात तर तो सेकंदाला एक-दोन एमबीच असतो. डिस्कचा सगळा वेळ दांडा हलवण्यात चाललेला असतो. एसएसडीत हलणारं काहीच नाही. तोच तुकडा तिला साधारण मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात सापडतो. सहा-सात मिनिटांचं थांबणं अर्ध्या-पाऊण मिनिटावर आलेलं मी इतक्या लॅपटॉपवर पाहिलंय, पण मालकाचा चेहरा उजळलेला पाहण्याचा आनंद मला अजून दर वेळी होतो.

नुसत्या फॉरमॅटने काय होईल? वर्षानुवर्षं साचलेले, सुरुवातीलाच जागे होणारे प्रोग्राम जातील आणि काही आठवडे बरं वाटेल. मग विंडोजचे अपडेट येतील, ब्राउझर फुगेल, आणि तीच तबकडी त्याच गतीने फिरत असल्यामुळे तुम्ही पुन्हा तिथेच येऊन थांबाल.

रॅमकडेही बघा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम अपुरी पडते आहे. मग विंडोज रॅममध्ये न मावणारं सामान डिस्कवर टाकतं आणि परत उचलतं. म्हणजे डिस्कवरच्या त्या १०० टक्क्यांतला काही भाग खरं तर रॅमचा असतो. ४ च्या ८ जीबी करता आल्या तर जरूर करा. घेण्याआधी दोन गोष्टी तपासा: रॅम बदलण्याजोगी आहे की मदरबोर्डवर पक्की डकवलेली, आणि ती डीडीआर३एल आहे की डीडीआर४. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. एसएसडी आणि रॅम यांपैकी एकच शक्य असेल तर तुमच्या बाबतीत आधी एसएसडी.

आणखी एक. विंडोज १० साठीचा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे नऊ वर्षांचा लॅपटॉप बहुधा अधिकृत यादीत बसणार नाही. अशा लॅपटॉपवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवून देते. प्रश्नपत्रिका टाइप करणं, इंटरनेट, व्हिडिओ ही कामं त्यावर उत्तम होतात. तुमचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल तर वेगळा विचार करावा लागेल, आणि तो एसएसडी घेण्याआधी करा.

प्रश्न: मी स्वतःच कोरं विंडोज बसवायचं ठरवलंय. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. एवढं पुरे ना?

उत्तर: नाही. माझी चूक इथेच झाली होती.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन आले. 'सगळं कॉपी केलंय, बिनधास्त फॉरमॅट मारा,' म्हणाले. मी पुन्हा एकदा विचारलं, त्यांनी पुन्हा होकार दिला, मी डिस्क पुसली. दोन दिवसांनी ते परत आले ते पांढऱ्या चेहऱ्याने. त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये नव्हताच. तो सी ड्राइव्हमधल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये होता. डिस्कवर नवं विंडोज लिहून झालं होतं. दोन रात्री बसून मी जमेल तेवढ्या फायली वर काढल्या, पण मुख्य फाइल अर्धवट निघाली. पाच वर्षांच्या नोंदी त्यांना कागदी पावत्यांवरून पुन्हा भराव्या लागल्या. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. आपला डेटा कुठे राहतो हे वापरणाऱ्याला माहीत असावं, ही अपेक्षाच चुकीची होती आणि ती माझी होती. तेव्हापासून मी कोणाचाही जुना ड्राइव्ह त्याच दिवशी पुसलेला नाही.

म्हणून तुम्हीही शोधायला बसा. फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय चालू करा. सी ड्राइव्हच्या मुळाशी पडलेले 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर २' उघडून बघा. तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा नावाचा लपलेला फोल्डर असतो. थंडरबर्डची मेल, ब्राउझरचे बुकमार्क, स्टिकी नोट्सच्या पिवळ्या चिठ्ठ्या त्यात असतात. प्रोग्रामडेटा हा दुसरा लपलेला फोल्डर. हिशेबाची आणि दवाखान्याची सॉफ्टवेअर आपला डेटा बरेचदा तिथे ठेवतात. आउटलुक वापरत असाल तर त्याची मेल साठवणारी पीएसटी फाइल शोधा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड खात्याशी जोडलेले आहेत का, हे दुसऱ्या यंत्रावर लॉगिन करून खात्री करून घ्या. ज्या सॉफ्टवेअरचा परवाना ठरावीक यंत्रांपुरता असतो, त्याचा परवाना आधी या यंत्रावरून सोडवून घ्या.

फाँटची आठवण मी मुद्दाम करून देते, कारण आपल्याकडे ती सर्रास राहून जाते. युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत, येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं मराठी लिखाण तुमच्याकडे असेल, तर ते फाँट विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून उचलून ठेवा. फाइल वाचली, पण फाँट गेला, तर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो आणि माणसाला वाटतं की लिखाण नष्ट झालं. लिखाण शाबूत असतं, फक्त ते वाचणारा फाँट नसतो.

हे सगळं केल्यावरही काहीतरी सुटतंच. तिसऱ्या आठवड्यात एखादी अशी फाइल आठवते जी यादीत नव्हती. जुना ड्राइव्ह जसाच्या तसा असेल तर पाच मिनिटांचं काम. त्याच ड्राइव्हवर फॉरमॅट मारला असेल तर दोन रात्रींचं, आणि तेही माझ्यासारखं अर्धवट. म्हणून तुम्हाला एकच विनंती: कोरं विंडोज बसवायचंच असेल तर नव्या ड्राइव्हवर बसवा.

प्रश्न: परवान्याचं काय? माझ्याकडे विंडोजची की, म्हणजे परवान्याचा कोड, लिहिलेली कुठेच नाही.

उत्तर: बहुधा लागणारही नाही. विंडोज ८ पासून ज्या लॅपटॉपमध्ये ते कंपनीतूनच बसवून येतं, त्यांची की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. विंडोज १० आणि ११ चा डिजिटल परवानाही यंत्राशी, मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो, ड्राइव्हशी नाही. बसवताना 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडा आणि आधी जी आवृत्ती होती, होम किंवा प्रो, तीच घ्या. इंटरनेट जोडलं की परवाना आपोआप लागू होतो. बसवण्यासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल पुरतं. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जाईल, हे लक्षात असू द्या. पेनड्राइव्ह तयार झाला की वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला वायफाय चालवता येण्यासाठी लागणारा छोटा प्रोग्राम, त्याच्यावर विंडोज बसवण्याआधीच घेऊन ठेवा. विंडोज ११ बसताना इंटरनेट मागतं, आणि ड्रायव्हरच नसेल तर इंटरनेट येणार कुठून?

प्रश्न: माझ्या लॅपटॉपवर पाच-सहा सॉफ्टवेअर अशी आहेत की ती पुन्हा बसवून देणारं आता कोणी उरलेलं नाही. कोरं बसवणं मला शक्य नाही. जुनी डिस्क एसएसडीवर जशीच्या तशी उतरवली तर चालेल का?

उत्तर: तुमच्या बाबतीत तेच करा. क्लोन केल्यावर जुना कचराही सोबत येतो, पण एसएसडीवर तो एवढा जाचत नाही. काही गोष्टी मात्र आधी बघाव्या लागतील.

आधी जुन्या डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हा छोटा प्रोग्राम चालवा. त्यात ०५ आणि सी५ क्रमांकाच्या दोन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदली जागा दिलेले भाग. सी५ म्हणजे ज्यांच्याबद्दल डिस्कलाच शंका आहे असे भाग. उजवीकडच्या रकान्यात दोन्हींसमोर शून्य असेल तर निर्धास्तपणे क्लोन करा. सी५ समोर आकडा असेल तर क्लोन मध्येच अडकू शकतो, आणि तेव्हा घाई करायची नाही. आधी महत्त्वाच्या फायली बाहेर काढायच्या.

मग आकार. क्लोनझिला हे क्लोन करण्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि माझ्या भरवशाचं आहे, पण नवा ड्राइव्ह जुन्याएवढा किंवा मोठा असावा असं ते एरवी धरून चालतं. १ टीबीच्या डिस्कवरून ५०० जीबीच्या एसएसडीवर उतरवायचं असेल तर एसएसडीच्या कंपनीचं स्वतःचं क्लोनिंगचं सॉफ्टवेअर असेल ते वापरा. वापरलेली जागा मावत असेल तर ते बाकीचं जुळवून घेतं.

बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का, तेही बघा. कित्येकांना ते आपल्या यंत्रावर चालू आहे हेच ठाऊक नसतं, कारण मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद होतो. क्लोन करण्याआधी ते बंद करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. कुलूप चालू असलेला ड्राइव्ह उद्या दुसऱ्या यंत्राला जोडून वाचायची वेळ आली तर हीच की मागितली जाईल. ती नसेल तर त्या ड्राइव्हमधलं काहीही मी काढून देऊ शकत नाही, दुसरंही कोणी देऊ शकत नाही.

क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढलेली असू द्या. दोन्ही ड्राइव्हची ओळख हुबेहूब सारखी झालेली असते. दोन्ही एकदम जोडले तर विंडोज त्यातला एक बाजूला सारतं, आणि आपण नेमकं कशावरून काम करतोय हे कळेनासं होतं.

प्रश्न: मॅडम, मी एम.२ प्रकारची एसएसडी मागवली. खाचेत छान बसली, पण लॅपटॉपला दिसतच नाही. खराब निघाली का?

उत्तर: बहुधा चांगली आहे, फक्त जात वेगळी आहे. एम.२ हे आकाराचं नाव आहे. तुमची पट्टी २२८० असेल, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. पण त्याच आकारात दोन प्रकारच्या एसएसडी येतात, साटा आणि एनव्हीएमई. काही लॅपटॉपची खाच दोन्ही ओळखते, काहींची एकच. साटाच्या पट्टीला बहुधा दोन कापे असतात, एनव्हीएमईच्या पट्टीला बहुधा एक. दोन काप्यांची पट्टी एनव्हीएमईच्या खाचेत आरामात बसते आणि मग गप्प पडून राहते, कारण त्या खाचेपर्यंत साटाची तार आलेलीच नसते. तुमच्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर असेल. ती उघडून खाच कोणती ते बघा आणि पट्टी बदलून घ्या.

बदलून घेताना एक ध्यानात ठेवा. साटाची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, एनव्हीएमई तीन-साडेतीन हजार किंवा त्याहून जास्त. आकडे पाहून साटा अगदीच कमी वाटते. पण लॅपटॉप चालू करणं, ब्राउझर उघडणं, फायली शोधणं यात तुकडे लहान असतात, आणि तिथे दोघींमधला फरक हाताला फारसा जाणवत नाही. व्हिडिओ संपादनासारखी मोठ्या फायलींची कामं असतील तर जाणवतो. तुमच्या लॅपटॉपला फक्त साटाच चालत असेल तर मन खट्टू करून घेऊ नका.

प्रश्न: लॅपटॉपला एसएसडी आहे, रॅम १६ जीबी आहे. सकाळी उत्तम चालतो. पंधरा-वीस मिनिटांनी हँग होऊ लागतो. फॉरमॅटही करून झाला, काही फरक नाही.

उत्तर: तुम्ही पत्रात वेळ लिहिलीत हे फार बरं केलंत. लॅपटॉप कधी स्लो होतो, यातच अर्धं निदान असतं. सुरू होतानाच रखडत असेल तर संशय ड्राइव्हवर. खूप टॅब उघडल्यावर रखडत असेल तर रॅमवर. सुरुवातीला बरा आणि मग हळूहळू बसत जात असेल तर उष्णतेवर. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला आपली गती स्वतःच कमी करतो. पंख्याच्या आणि तांब्याच्या जाळीच्या मधोमध धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला मी कितीदा तरी चिमट्याने सबंध उचलून काढलाय. पंखा साफ करून घ्या, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्या, आणि अंथरुणावर ठेवून वापरत असाल तर ते थांबवा, कारण हवा आत घेण्याची जागा खालच्या बाजूलाच असते.

त्यानंतरही तसंच राहिलं तर चार्जर तपासा. काही लॅपटॉप आपल्याला न ओळखता येणारा चार्जर जोडला की प्रोसेसरची गती एकदम खाली आणून ठेवतात. चार्जर काढल्यावर लॅपटॉप पळू लागला तर समजा की दोष तिथेच आहे.

प्रश्न: विंडोज बसवताना यादीत एकही ड्राइव्ह दिसत नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, मात्र दिसतो.

उत्तर: इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची ड्राइव्ह सांभाळणारी सोय चालू असते आणि विंडोजच्या बसवणीत तिचा ड्रायव्हर नसतो. तुमच्या मॉडेलच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून घ्या, उघडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि त्याच पडद्यावर 'लोड ड्रायव्हर' म्हणा. ड्राइव्ह समोर येईल.

आणि आत दोन ड्राइव्हची सोय असेल तर बसवताना जुना काढून ठेवा. विंडोज कधीकधी स्वतः नव्या ड्राइव्हवर बसतं, पण सुरू होण्यासाठी लागणारा छोटा भाग जुन्यावर टाकतं. मग सहा महिन्यांनी जुना काढला की लॅपटॉप सुरूच होत नाही आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न: ६४ जीबीचा छोटा लॅपटॉप आहे. त्याची ईएमएमसी बदलून एसएसडी टाकता येईल?

उत्तर: ईएमएमसी ही साठवणीची चिप मदरबोर्डवर डकवलेली असते, बदलता येत नाही. काही मॉडेलांत शेजारी एम.२ ची रिकामी खाच ठेवलेली असते. उघडून किंवा पुस्तिकेत बघा.

प्रश्न: मी रोज लॅपटॉप बंद करतो, तरी टास्क मॅनेजरमध्ये तो २३ दिवस चालू असल्याचं दिसतं. यंत्र बिघडलंय का?

उत्तर: बिघडलेलं नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं. शट डाउन म्हटल्यावर विंडोजचा गाभा खरोखर बंद होत नाही, त्याची आहे ती अवस्था ड्राइव्हवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी परत उचलली जाते. त्यात अडकून पडलेला ड्रायव्हरही तसाच परत येतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं मुळापासून सुरू होतं. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करून बघा. लॅपटॉप उघडून काही काम करणार असाल तेव्हा शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन म्हणा, म्हणजे तो पुरता बंद होईल.

प्रश्न: ताई, एसएसडी मी स्वतः बसवू शकेन का? स्क्रूड्रायव्हर हातात धरायची सवय आहे.

उत्तर: शकाल. चार्जर काढा, लॅपटॉप पुरता बंद करा, मागचं झाकण उघडलं की सर्वांत आधी बॅटरीची पिन सोडवा. आतल्या कशालाही हात लावण्याआधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल.

मला सर्वांत काळजी वाटते ती स्क्रूंची. ते दिसायला सारखे, पण लांबीला वेगवेगळे असतात. आखूड स्क्रूच्या जागी लांब घातला तर तो आतून टचपॅडच्या किंवा कीबोर्डच्या पट्टीत घुसतो. मी अजूनही कोऱ्या कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढते आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चौकोनात त्याच्या जागी चिकटपट्टीने चिकटवते. झाकण उचकटायला स्क्रूड्रायव्हर वापरू नका, जुनं प्लास्टिकचं कार्ड घ्या. पातळ फितीच्या तारांना बारीक कुलूप असतं. ते नखाने उघडल्याशिवाय फीत ओढू नका. अडीच इंची एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची असते. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटरची असेल तर जुन्या डिस्कची धातूची चौकट नवीला लावा आणि राहिलेली फट पातळ प्लास्टिकच्या चौकटीने भरून काढा, नाहीतर ती आत हलत राहील.

बसवून झाल्यावर डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र आणणं, करायची गरज नाही. तबकडी नसल्यामुळे तुकडे जवळ आणून फायदा काहीच होत नाही, लिहिण्याचं काम मात्र वाढतं. विंडोजला एसएसडी ओळखता येते आणि तिची वेगळी देखभाल ते स्वतः करतं. पाचव्या हिश्श्याइतकी जागा मोकळी ठेवा, काठोकाठ भरलेली एसएसडीही मंदावते.

प्रश्न: माझ्या डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येतो आणि लॅपटॉप मिनिटमिनिट गोठतो. फॉरमॅट मारल्यावर ठीक होईल का?

उत्तर: लॅपटॉप आत्ता बंद करा. हे पत्र छापून येईपर्यंत थांबावं लागू नये म्हणून मी तुम्हाला वेगळं कळवलं आहे, पण बाकीच्या वाचकांसाठी इथे लिहिते. हा आवाज बहुधा दांडा जागा शोधत पुन्हा पुन्हा मागे येतोय त्याचा असतो. अशा डिस्कवर फॉरमॅट, चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी), अपडेट यातलं काहीही करू नका. प्रत्येक मिनिटाचं फिरणं तिच्या उरलेल्या आयुष्यातून जातं.

आवाज नसता आणि फक्त सी५ चा आकडा वाढत असता, तर मी डिस्क बाहेर काढून डीडीरेस्क्यू हे बिघडत्या डिस्कची प्रत काढणारं सॉफ्टवेअर लावलं असतं. ते आधी सुदृढ भाग भराभर उतरवतं, कुठे अडलं याची नोंद ठेवतं आणि दुखऱ्या भागांकडे शेवटी वळतं. आवाज करणाऱ्या डिस्कवर मी तेही करत नाही. आतला डेटा मोलाचा असेल तर धूळविरहित खोलीत डिस्क उघडणाऱ्या तज्ज्ञांकडेच द्या, आणि त्याआधी कोणालाही 'एकदा चालू करून बघू' म्हणू देऊ नका.

प्रश्न: तुमच्या सल्ल्याने नव्या एसएसडीवर विंडोज बसवलं, लॅपटॉप छान पळतोय. काढलेल्या हार्ड डिस्कचं आता काय करू?

उत्तर: निदान एक महिना काहीही करू नका. महिन्यात एकदा हिशेब होतो, एकदा बिलं भरली जातात, एकदा तरी जुनं पत्र शोधलं जातं. राहिलेली फाइल त्यात आठवते. साटा ते यूएसबी असा छोटा डबा मिळतो, त्यात डिस्क घातली की ती पेनड्राइव्हसारखी उघडते. हवं ते उचला, पण तिच्यावर नवं काही लिहू नका.

महिन्याभराने ०५ आणि सी५ पुन्हा तपासा. दोन्ही शून्य असतील तर तिच्यावर नव्या एसएसडीची प्रत ठेवत जा. वेगाची तिथे गरज नसते, त्यामुळे या कामाला ती चांगली पुरते. आकडे वाढलेले असतील तर तिच्यावर विसंबू नका. कोणाला द्यायची असेल तर नुसत्या क्विक फॉरमॅटवर देऊ नका. त्याने फक्त अनुक्रमणिका जाते, पानं राहतात. सबंध डिस्कवर एकदा शून्यं लिहावी लागतात. विंडोजच्या डिस्कपार्टमधली 'क्लीन ऑल' ही आज्ञा ते काम करते. ती देताना डिस्कचा क्रमांक दोनदा तपासा, बाकीचे बाहेरचे ड्राइव्ह काढून ठेवा, आणि घाईत असाल तर ते काम उद्यावर टाका.

तोवर तिला कागदी पाकिटात ठेवा, चुंबकापासून आणि ओलीपासून दूर, आणि पाकिटावर लिहा: कोणत्या लॅपटॉपमधली, कोणत्या तारखेला काढली, बिटलॉकरची की कुठे आहे. खाली ठळक अक्षरांत: 'पुसलेली नाही.'